‘कॉम्प्युटर सेट, १ नग’

असेंबल्ड कॉम्प्युटरच्या बिलावर आतल्या प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेला असावा आणि जोडणीची मजुरी त्याच बिलावर वेगळ्या ओळीत, उघडपणे लावलेली असावी. माझं मागणं एवढंच आहे. दुकानदारांना पहिली गोष्ट जाचक वाटेल, गिऱ्हाइकांना दुसरी खटकेल. पण गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या कामासाठी मशीन जुळवून घेतलं, तेव्हापासून या दोन्हींवाचून हा व्यवहार सरळ होणार नाही अशी माझी खात्री झाली आहे.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. छोट्या प्रकाशकांची कामं, दिवाळी अंकांची पानं, अधूनमधून एखादी स्मरणिका. डोंबिवलीतल्या घराची एक खोली हेच माझं ऑफिस. पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळापासून या कामात असल्यामुळे माझ्याकडे दोन पिढ्यांच्या फायली आहेत. जुन्या फॉन्टांतल्या फायली तो फॉन्ट नसेल तर उघडून उपयोग नाही, पानभर नुसता अक्षरांचा चुरा दिसतो. नव्या फायली युनिकोडमधल्या. दोन्ही रोज लागतात, कारण पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आणि प्रकाशकाचा फोन येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. माझ्या जुन्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता. मशीन तसं ठणठणीत होतं. पण लेखकांची हस्तलिखितं दिवसभर ईमेलने येतात, कुणाकुणाच्या पेन ड्राइव्हमधून येतात. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर ती उघडत राहणं मला पटेना.

तयार ब्रँडेड डेस्कटॉप घेतला असता तर दगदग वाचली असती हे खरं. पण त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर एखादा बिघडला की बाजारातला दुसरा तिथे बसत नाही. असेंबल्ड मशीनमध्ये जे गेलं तेवढंच बदलायचं. माझं आधीचं मशीन इतकी वर्षं चाललं ते असंच, एकेक भाग बदलत.

कामाला काय लागतं ते मला ठाऊक होतं. चारशे पानांचा, भरपूर छायाचित्रांचा ग्रंथ उघडला आणि शेजारी मुखपृष्ठाची फाइल उघडी ठेवली की रॅम लागते. म्हणून १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या, दोन यासाठी की दोन्ही वाटांनी माहिती ये-जा करते. एकच ३२ ची पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. प्रोसेसर रायझन ५ ७६००, त्याला बी६५० चा बोर्ड, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क, बॅकअपसाठी दुसरी डिस्क आणि ५५० वॉटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड नको. या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे आणि पुस्तकाच्या पानांना त्याहून जास्त लागत नाही. हे मला प्रत्येक काउंटरवर पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. असेंबल्ड मशीन म्हणजे गेम खेळणाऱ्या मुलांसाठीच, असं तिथे धरून चालतात. काचेची बाजू आणि रंगीत दिव्यांचे पंखे तर न मागता यादीत येतात.

लॅमिंग्टन रोडला मी वर्षानुवर्षं जाते. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत कुणी ते घेत नाही. एकेकाळी इथल्या नाझ थिएटरच्या आवारात सिनेमाचे वितरक बसायचे, आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केबल, कॅमेरे, लॅपटॉपचे कीबोर्ड, वजनावर विकले जाणारे चार्जर. हा बाजार मला आवडतो. इथे पाच मिनिटांत अशी वस्तू मिळते जी ऑनलाइन आठवडाभर शोधून सापडत नाही, आणि काउंटरमागचा बारावी झालेला मुलगा बोर्डाकडे नुसतं बघून बिघाड सांगतो. म्हणूनच या बाजाराबद्दल पोटतिडकीने लिहिते आहे.

पहिल्याच दुकानात कोटेशन मिळालं ते असं: प्रोसेसर, बोर्ड, ३२ जीबी, १ टीबी, कॅबिनेट विथ एसएमपीएस. खाली एक आकडा. कुठल्या कंपनीचा बोर्ड, कुठली रॅम, काही नाही. विचारलं तर उत्तर, ‘मॅडम, सब ब्रँडेड रहेगा.’ दुसऱ्या दुकानात नावं मिळाली, पण लगेच पुढचा प्रश्न: बिल पाहिजे का? सुट्या भागांवर आणि मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा बिल नको म्हटलं की आकडा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण वॉरंटीसाठी मशीन घेऊन गेल्यावर बहुतेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर आधी बिलच मागतं. बॉक्समधून येणाऱ्या प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ती सोडून द्यायची आणि बदल्यात दुकानदाराच्या ‘आम्ही बसलोय ना’ यावर विसंबायचं, हा सौदा तोट्याचाच आहे.

शेवटी एका दुकानदाराने मला हवं तसं, ओळीओळीने कोटेशन लिहून दिलं. फक्त आजपुरतं, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. नोव्हेंबरात रॅमचे भाव रोज चढत होते. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी इतकी लागते आहे की कारखान्यांचा माल तिकडे वळला. पुढे डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी भाव पाडून मागितला नाही. दोनच अटी घातल्या: सगळ्या भागांचे रिकामे बॉक्स मशीनसोबत पाठवा आणि बिल कोटेशनप्रमाणे करा.

मशीन घरी आलं. सोबत एका मोठ्या खोक्यात बाकीचे बॉक्स. बोर्डाचा होता, प्रोसेसरचा होता, रॅमचा, दोन्ही डिस्कचे होते. एसएमपीएसचा नव्हता. आणि बिलावर एकच ओळ: ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’.

हल्लीच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी, पत्र्याच्या आवरणाआड असतो. समोरच्या काचेतून बोर्ड दिसतो, पंखे दिसतात, रॅमवरचे दिवे दिसतात. हा मात्र दिसत नाही. मागचे चार स्क्रू काढले आणि तो बाहेर ओढला. हातात घेतल्या घेतल्या हलका लागला. लेबलवर मोठ्या अक्षरांत ४५०, आणि कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत तक्ता होता, खरी गोष्ट तिथे लिहिलेली असते. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, मोठी कामं करणारे सगळे भाग १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचा. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे पंचेचाळीसच्या आसपास अँपिअर लिहिलेले असतात.

माझं मशीन या २१६ वॉटवर चाललं असतं, हे मी मान्य करते. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे त्याची भूक कमी आहे. पण एसएमपीएस हा घरात येणारी २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून बाकी सगळ्यांना वाटणारा भाग आहे. रॅम गेली तर रॅमच जाते. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जाताना कधीकधी बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. माझ्या डिस्कवर प्रकाशकांची पुस्तकं असतात. शिवाय जे ठरलं होतं, ज्याचे पैसे दिले होते, ते हे नव्हतं.

फोन केला. ‘मॅडम, वही चीज है, चलता है सबके पास.’ मी कोटेशनमधली ओळ वाचून दाखवली, मग लेबलवरची. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, मुलाला पाठवतो.

आलेला मुलगा बदलापूरचा. ठरलेला एसएमपीएस बॉक्ससकट घेऊन आला होता. त्याने सगळ्या वायरी सोडवून पुन्हा नीट बांधल्या, चहा घेतला आणि मी काही न विचारता म्हणाला, ‘काकू, शेठ जो देतात तो आम्ही बसवतो. पण गिऱ्हाईक शेवटी हजार-पाचशे कमी कराच म्हणून बसतं, जोडणीचे पैसे तर कुणी देतच नाही. मग ते कुठून तरी काढावे लागतात.’

मी भावासाठी अडून बसले नव्हते, तरी त्या सवयीची किंमत माझ्या मशीनमधून काढली गेली होती. प्रोसेसरची, रॅमची, डिस्कची किंमत आज प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसते. दुकानदाराने शंभर रुपये जास्त लावले तरी गिऱ्हाईक स्क्रीन पुढे धरतं. तिथे नफा उरलेला नाही. मशीन जोडायला, विंडोज टाकायला, चालवून बघायला माणसाचा निम्मा दिवस जातो आणि त्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात जातं. मग दुकानदार जिथे कुणी बघत नाही तिथे हात घालतो. एसएमपीएसच्या नावाने कुणी शेजाऱ्याला फुशारकी सांगत नाही, म्हणून पहिली कात्री त्याला लागते. हे चूक आहे, फसवणूकच आहे. पण ती थांबवायची तर तिच्या मुळाशी असलेली फुकट मजुरीची अपेक्षा आपल्यालाही सोडावी लागेल.

त्या मुलाचं काम किती मोलाचं आहे ते त्याच दुपारी दिसलं. नव्या एसएमपीएसवर मशीन चालू केलं तर पडदा काळाच. मिनिट गेलं, दोन गेली. मी बटणाकडे हात नेला तसा तो म्हणाला, ‘थांबा काकू, रॅम शिकतोय तो.’ या पिढीचा बोर्ड वीज पूर्ण तुटल्यानंतर किंवा पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेऊ शकतो, आणि घाबरून मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. पडदा उजळल्यावर त्याने बायोसमध्ये जाऊन आणखी एक गोष्ट दाखवली. रॅमच्या बॉक्सवर ६००० लिहिलं होतं, चालत होती ४८०० ने. एक्स्पो नावाची सोय सुरू केल्याशिवाय ती तशीच चालत राहते. मिनिटभराचं काम. पण ठाऊक नसेल तर माणूस वेगवान रॅमचे पैसे देऊन वर्षानुवर्षं संथ रॅम वापरतो. मी त्याला त्या भेटीची मजुरी दिली. तो घेईना, शेठनी पैसे घेऊ नको म्हणून बजावलं होतं. मी दुकानाच्या खात्यावर पाठवली, ‘जोडणी’ असं लिहून.

जाता जाता त्याने कॅबिनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मुंग्या येत होत्या. जुन्या इमारतींत हे नवं नाही: तीन पिनांचं सॉकेट भिंतीत असतं, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच नसते. दुसऱ्या दिवशी आमच्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ काही नाही. ‘वहिनी, हे नुसतं शोभेचं आहे,’ म्हणाला आणि मीटरबॉक्सपासून नवी हिरवी वायर ओढून दिली. मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने यूपीएसच्या आधी हे तपासून घ्यावं. डोंबिवलीत पावसाळ्यात वीज जाते, म्हणून लोक आधी यूपीएसला धावतात. पण अर्थिंग नसेल तर यूपीएस लावूनही तो दोष तसाच राहतो.

विंडोजबद्दल थोडक्यात. ‘टाकून देऊ’ असं काउंटरवर म्हणतात त्यात बहुधा परवाना नसतो. माझा परवाना मी वेगळा विकत घेतला. फॉन्ट बनवणाऱ्यांचं काम लोक फुकट वापरतात याचा मला राग येतो. तर मग दुसऱ्याचं सॉफ्टवेअर मी तसं वापरणार नाही.

बिल बदलून घ्यायला मला नंतरही बोलावं लागलं. दुकानदाराचं म्हणणं, एवढे नंबर टाइप करत कोण बसणार? माझ्या धंद्यातून त्याचं उत्तर देते. मराठी पुस्तकाचं शीर्षकपान उलटा. तिथे प्रकाशक कोण, मुद्रक कोण, कुठल्या गल्लीतला, अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचं, सगळं असतं. छापील पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण छापायची सक्ती १८६७ च्या कायद्याने केली. इंग्रज सरकारने ती केली स्वतःच्या सोयीसाठी, कोण काय छापतं यावर नजर ठेवायला. पण तिच्यातून जबाबदारीची एक सवय लागली. अक्षरजुळणीचं नाव छापा असं कुठला कायदा सांगत नाही, तरी चांगले प्रकाशक ते छापतात. माझं नाव त्या पानावर आहे म्हणून मी चौथं प्रूफही तपासते. दीडशे रुपयांच्या पुस्तकावर आपण एवढी नावं छापतो, तर लाखाच्या घरात जाणाऱ्या मशीनच्या बिलावर आठ-दहा नंबर लिहिणं अवघड नाही. बॉक्सवर बारकोड असतोच. दुकानात तो वाचणारं यंत्रही असतं.

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊन आयोगापुढे उभं राहिलं तर सिद्ध काय करणार? कुठला एसएमपीएस ठरला होता, कुठला आला, याचा कागदच नाही.

याचा खरा फटका माझ्यासारखीला बसत नाही. मी स्क्रू काढून लेबल वाचू शकते. तो बसतो शाळांना, पतसंस्थांना, वाचनालयांना. तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय माझ्या परिचयाचं आहे, त्यांच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेची पानं मी लावली होती. त्यांच्या मशीनची डिस्क एके दिवशी गेली, तिच्यात सगळी ग्रंथसूची होती. डिस्कवर कंपनीची वॉरंटी शिल्लक होती, पण सर्व्हिस सेंटरने मागितलेल्या बिलावर डिस्कचा उल्लेखच नव्हता आणि विकणारं दुकान बंद झालं होतं. सूची पुन्हा भरण्यासाठी निवृत्त शिक्षकांनी कपाटं उघडून एकेक पुस्तक हातात घेतलं.

तिथल्या कार्यवाहांचा फेब्रुवारीत फोन आला. अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचं होतं, नवं मशीन घ्यायचं होतं, मागणीपत्र कसं लिहू, असं विचारत होते. मी लिहून पाठवलं: प्रत्येक भागाची कंपनी आणि मॉडेल कोटेशनमध्ये हवं, एसएमपीएस वेगळ्या ओळीत हवा, ‘कॅबिनेटसोबत’ चालणार नाही, सीरियल नंबर बिलावर हवेत, सगळे बॉक्स मशीनसोबत हवेत, विंडोजचा परवाना संस्थेच्या नावावर हवा, जोडणी आणि गावात येऊन मशीन लावून देण्याची मजुरी दुकानदाराने निःसंकोच वेगळी लावावी, आणि बिलावरचे नंबर बॉक्सशी ताडून पाहिल्यावर उरलेली रक्कम दिली जाईल. दोन दुकानांनी या अटींवर कोटेशन दिलंच नाही. तिसऱ्याने दिलं, मजुरीची ओळ लावून. त्याचा आकडा आधीच्या तोंडी भावांपेक्षा जास्त होता, आणि कार्यवाहांनी समितीकडून तोच मंजूर करून घेतला.